मच्छरदाणीतला कापूस

चिमाने फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "आमच्या गावात जीएम पीक औषधालासुद्धा सापडायचं नाही." राजापूरजवळच्या त्या गावात, काजूच्या बागेत तिच्या मधपेट्या. मुंबईची सानवी लहान मुलांसाठी मध विकायची आणि चिमाचा सगळा मध घ्यायला तयार होती. अट एकच, माशा जातात त्या टापूत जनुक बदललेलं पीक नको. भात, नाचणी, आंबा, काजू यापलीकडे गावात होतंच काय?

सानवी येण्याच्या आदल्या सकाळी चिमा शेजारच्या गोदूकाकीकडे ताक मागायला गेली. बघते तर तुळशीमागे कापसाची झाडं! पहिली फुलं त्याच दिवशी उमललेली, आणि चिमाच्याच माशा त्यांत डोकं खुपसून बसलेल्या.

"काकी गो, हा कापूस कुठला?"

"यवतमाळचा. भाच्यानं बियाणं धाडलान. बीटी का काय म्हणतात ते. देवाला लाख वातींचा नेम केलाय, कापूस दारचाच हवा. साध्या झाडाची बोंडं दरसाल किडीनं खाल्लीन."

चिमाच्या पायाखालची वाळू सरकली. "अगो बाय, जीएम म्हणतात ते हेच! उपट आधी!"

"देवाचा कापूस उपटू? माशा मरतात काय त्यानं?"

"त्यावर शिकलेली माणसं अजून भांडतायत. पण गिऱ्हाईकाला चालत नाय."

"देवाला चालतं नि मुंबईच्या पोरीला चालत नाय? भारीच सोवळी गो!"

चिमा ताक न घेताच परतली आणि दिवसभर भांड्यांवर राग काढत राहिली. विळा घेऊन जावं असंही मनात आलं, नाही असं नाही. पण माशा चावतील म्हणून सगळा गाव नकार देत होता, तेव्हा याच काकीने आपल्या बागेत पेट्या ठेवू दिल्या होत्या. तिच्या दारात विळा कसा चालवायचा? शेवटी चिमाने ठरवलं, सानवीला खरं ते सांगायचं. ऑर्डर गेली तर गेली. ठरवलं खरं, पण तिला रडूच आलं.

सकाळी सानवीला घेऊन ती काकीच्या अंगणात शिरली आणि बघतच राहिली. झाडांवर मच्छरदाणी! कडेने चिरे ठेवून पक्की दाबलेली. माशा बाहेरून हेलपाटे घालून कंटाळून निघून जात होत्या.

चिमाने काही न लपवता सगळं सांगितलं. सानवी हसून हसून पायरीवर बसली.

"मध कधी काढलात?"

"ही फुलं यायच्या आधीच."

"मग तो घेते. पुढचा तपासून घेईन. पण आजी, माशा आल्या नाहीत तर बोंडं धरतील का?"

"धरतात. कापूस आपल्या आपण धरतो. भाच्याला फोन करून इचारलंय मी," काकी हात खाजवत म्हणाली.

चिमाचं लक्ष त्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत नुसत्या गांधी उठलेल्या.

"काकी, ही तुज्या बिछान्याची मच्छरदाणी?"

"मग काय दुकान हाय माजं? देवाचं काम झालं, तुजंपण झालं. चार डास चावले तर मी काय मरत्ये?"

संध्याकाळी चिमाने घरातली मच्छरदाणी सोडवून घडी घातली नि काकीकडे निघाली. नवरा ओट्यावरून ओरडला, "अगो, आणि आपण?"

"आपण चावून घ्यायचं," चिमा म्हणाली. "काकीनं घेतलान तसं."