कोमट बॉनेट

गिऱ्हाईक यायच्या आधी डेल्बर्ट क्रँट्झने गाडी चांगली तापवून ठेवली आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

गाडी सत्तर सालची शेव्हेल. मूळ इंजिन कधीच निकामी झालेलं. चार हिवाळे गॅरेजमध्ये खपून डेल्बर्टनं तिच्यात एका अपघातग्रस्त ट्रकचं नवंकोरं इंजिन बसवलं होतं, आणि असं बसवलं होतं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण गेल्या वसंतात जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, अख्ख्या ओहायोसमोर म्हणा ना, गार असताना सुरू करायला गेला तर ती दोनदा खोकली नि बंद पडली. एक वायर सैल होती, ती त्यानं तिथंच घट्ट केली. गाडी पुन्हा कधी खोकली नाही. डेल्बर्टच्या मनातला खोकला मात्र गेला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती.

त्यात आज ती विकणं भागच होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून बायकोला, नोरीनला, एकटीनं जिना चढवत नव्हता, आणि झोपायची खोली, बाथरूम सगळं वर. मागच्या गल्लीतलं बिनजिन्याचं घर मालकानं शुक्रवारपर्यंत त्यांच्यासाठी अडवून ठेवलं होतं. विसार द्यायला या गाडीशिवाय घरात काही नव्हतं.

व्हर्जिल स्टाउट इंडियानाहून आला, तो मागे ट्रेलर जोडूनच. सत्तरीचा गडी. त्यानं रंग पाहिला नाही, चाकं पाहिली नाहीत. तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर तळवा ठेवला.

"कोमट आहे."

डेल्बर्टनं घाईघाईनं सांगितलं, "सकाळी जरा मागेपुढे केली. खालची जमीन झाडायला."

"असं होय! मग गार होऊ द्या. गार इंजिन कसं सुरू होतं, तेच तर बघायचंय. मला कुठं लग्नाला जायचंय?" व्हर्जिलनं बादली उपडी घातली आणि तिच्यावर ठाण मांडलं.

"पाहुणे, आत या की, कॉफी ठेवलीय!" खिडकीतून नोरीन ओरडली.

"नको बाई. मी आत गेलो की तुमचा नवरा पुन्हा हिला शेकायला बसेल!"

नोरीन खळखळून हसली. डेल्बर्टला हसू फुटेना. दुपारपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला होता.

अखेर व्हर्जिलनं किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन असं गरजलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. डेल्बर्टच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बघा! बघितलंत?"

"झकास," व्हर्जिल इंजिन बंद करत म्हणाला. "मग सकाळी तापवली कशाला?"

"भीती वाटली हो. दुसरं काही नाही, शपथ."

"असेलही. पण राव, इंजिन कारखान्यानं बसवलेलं असतं तर मी कारखान्यावर भरवसा ठेवला असता. हे तुम्ही बसवलंय. बसवणाराच हिला भितो, तर मी कोणाच्या भरवशावर घेऊ?"

डेल्बर्टनं किंमत उतरवली, पुन्हा उतरवली. तसतसा व्हर्जिलचा संशय वाढतच गेला. ट्रेलर रिकामाच परत गेला.

डेल्बर्ट आत आला तेव्हा नोरीन जिन्याच्या तळाशी खुर्चीत बसली होती. तिचा चेहरा फुलला होता.

"काय गरजली रे! आवाज ऐकला नि मी लगेच त्या मागच्या घराच्या मालकाला फोन लावला. म्हटलं, आमचं काम झालं."

डेल्बर्ट तिच्याजवळ वाकला. त्यानं तिच्या कमरेत हात घातला, तिचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तिला पहिल्या पायरीवर चढवलं.