तीन डिग्रीची चूक

मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. नाव भारदस्त असले तरी जीव एवढासा. वीतभर लांबीची काचेची नळी, खाली फुगीर पोट, पोटात शिशाचे छर्रे आणि वरच्या बारीक मानेत गुंडाळून बसवलेली आकड्यांची कागदी पट्टी. मला दुधात सोडले की मी उभा तरंगतो. दूध चांगले असेल तर मान उंच काढतो, पाणी घातलेले असेल तर खोल जातो. जिथवर बुडतो, तिथला आकडा म्हणजे त्या दुधाची डिग्री. एवढेच माझे काम. पण मित्रांनो, या एवढ्याशा कामात मी एका भल्या बाईला चारचौघांत खोटे पाडले आणि एका गाईला ऑफिसच्या दारात येऊन साक्ष द्यायला लावली. ते कसे घडले, ते ऐका.

माझा जन्म एका काचकारागिराच्या हातून झाला. त्याने ज्योतीवर नळी तापवली आणि एका फुंकरीत माझे पोट फुगवले. त्याच्या बहिणीने चिमट्याने पट्टी आत सरकवली, डिंकाचा थेंब लावला आणि भावाला दटावले, "हात लावू नकोस, सुकू दे." मग मला तीन वेगवेगळ्या द्रवांत बुडवून पाहिले. तिन्ही वेळा मी बिनचूक निघालो, तेव्हा कुठे माझा दाखला लिहिला गेला. त्यावर माझा क्रमांक होता आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: वर्षातून एकदा तपासून घ्यावा. ती ओळ कोणी वाचलीच नाही. दाखला खोक्यात राहिला आणि खोके माळ्यावर गेले.

मी आलो तो एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत. तीन खोल्या, पांढऱ्या फरशा, साबणाचा आणि किंचित आंबूस दुधाचा वास. पुढच्या अंगणात पहाटेपासून कॅनची रांग लागायची. खिडकीशी उभे राहून दूध तपासणारे गृहस्थ इतकी वर्षे डिग्र्या वाचत होते, की त्यांचे खरे नाव पगारपत्रकातच उरले होते. सगळे त्यांना डिग्रीकाका म्हणत.

काका मला फार जपत. दूध ढवळून उंच जारमध्ये घ्यायचे, मला दोन बोटांत धरून अलगद सोडायचे, मी डुलायचा थांबलो की वाकून, डावा डोळा मिटून आकडा वाचायचे. तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोणी कुरकुरलेच तर काका मला उंच धरून म्हणायचे, "हा खोटं बोलत नाही बाबा. याला ना जात, ना नातं, ना जेवायचं आमंत्रण!" रांग हसायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो. अकरा वर्षे असे कौतुक ऐकल्यावर कोणाच्या डोक्यात हवा जाणार नाही? माझ्या तर पोटात आधीपासूनच हवा होती.

बाराव्या वर्षी प्रयोगशाळेत दोन गोष्टी नव्या आल्या. एक गरम पाण्याचा बंब आणि दुसरी एक केमिस्टबाई.

बंब आला तसे भांडी धुणारे दादा खूश झाले. सगळी काच ते कढत पाण्याखाली धरू लागले. मलाही. चटका बसायचा, पण अंग लख्ख व्हायचे, म्हणून मी काही बोललो नाही. त्या कढत पाण्याने आतला डिंक मऊ होत होता आणि माझी पट्टी केसाकेसाने खाली सरकत होती. मला ते कळले नाही. कसे कळणार? मी जगाकडे पाहायचो ते त्याच पट्टीवरून.

केमिस्टबाईंना नेमले होते ते प्रमाणपत्रासाठी. संघाला आपले दूध दूरवरच्या शहरांत विकायचे होते आणि त्यासाठी आधी प्रयोगशाळेची तपासणी होऊन तिला प्रमाणपत्र मिळायला हवे होते. बाईंचा स्वभाव असा, की समोर घड्याळ असले तरी त्या विचारणार, हे बरोबर आहे कशावरून? चार दिवसांत त्यांचे नाव पडले शंकाबाई.

"काका, या लॅक्टोमीटरचं कॅलिब्रेशन कधी झालंय?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारले.

"म्हणजे?"

"म्हणजे हा बरोबर दाखवतो की नाही, हे कोणी तपासलंय का?"

काका खो खो हसले. "अगं पोरी, दुनिया याच्यावर तपासतात. याला कोण तपासणार?"

मला ते उत्तर इतके आवडले, की त्या दिवशी मी जरा जास्तच ताठ तरंगलो.

आता मावशींबद्दल सांगतो. टेकडीपलीकडून रोज दोन कॅन घेऊन येणाऱ्या या बाई साऱ्या रांगेच्या मावशी होत्या. बाकी बहुतेकांचे दूध म्हशीचे, मावशींचे तेवढे निव्वळ गाईचे. त्यांची डिग्री वर्षानुवर्षे एकोणतीस. सत्तावीसच्या खाली गेले की दूध परत, असा नियम होता. पण मावशींच्या बाबतीत तो नियम कोणाला कधी आठवलाही नव्हता.

बंब आल्यानंतर ती अठ्ठावीस, मग सत्तावीस झाली, तरी कोणी मनावर घेतले नाही. आणि एके सकाळी मी सांगितले, सव्वीस.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा ढवळले, पुन्हा सोडले. सव्वीस.

"मावशी, दूध परत न्यावं लागेल," काका खालच्या आवाजात म्हणाले. "पाणी दिसतंय."

"पाणी?" मावशींनी मागे वळून पाहिले, जणू दुसऱ्याच कोणाशी बोलणे चालले होते. "माझ्या दुधात?"

दुसऱ्या दिवशीही सव्वीस. तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे भिंतीवरच्या फळ्यावर त्यांचे नाव लागले आणि पुढे दोन शब्द: पाणी आढळले. रांगेतल्या माणसांनी त्यांच्याकडे बघायचे टाळले. ते न बघणे मला खिडकीतून दिसत होते. मावशी तरी रोज येत राहिल्या. रोज मी सव्वीस म्हणायचो आणि त्या दोन्ही कॅन उचलून, ओठ घट्ट मिटून परत जायच्या. असे तीन आठवडे चालले.

"काका, काहीतरी चुकतंय," शंकाबाई म्हणाल्या. "पाणी घातलं असतं तर फॅटही उतरली असती. फॅट जिथल्या तिथं आहे. शिवाय म्हशीच्या दुधाची डिग्रीही सगळ्यांचीच उतरलीये. बत्तीसवाल्यांची एकोणतीस झालीये."

"चारा बदललाय," काका म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी मला पुसून ठेवताना नेहमीसारखे थोपटले नाही.

चौथ्या सोमवारी मावशी आल्या त्या कॅन न घेता. त्यांच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला त्यांची तांबडी गाय. गाय सरळ खिडकीसमोर येऊन उभी राहिली.

"ही घ्या," मावशी म्हणाल्या. "आता तुमच्या डोळ्यांदेखत काढते. भांडं तुमचं, बादली तुमची. माझ्या हाताला पाणीसुद्धा तुम्हीच लावा आणि तुम्हीच पुसा. मग सांगा, पाणी कोण घालतं ते."

सगळी रांग गोळा झाली. मावशींनी अंगणातच बैठक मारली आणि संघाच्या कोरड्या बादलीत धारा काढल्या. काका बाहेर आले. "ताज्या धारेच्या दुधाला फेस असतो, डिग्री कमीच येते," ते म्हणाले. "तासभर थांबावं लागेल."

"थांबते की. मी कुठं पळून चाललेय? आणि ही तर त्याहून नाही."

तासभर मावशी पायरीवर बसून राहिल्या. तेवढ्या वेळात तांबडीने मॅनेजरसाहेबांच्या आवडत्या कुंड्यांमधली झाडे एकेक करून साफ केली. कोणी तिला अडवले नाही. साक्षीदाराला कोण अडवणार?

तास झाला. दूध निवले. काकांनी मला हातात घेतले. सगळी रांग पुढे झुकली. मी डुललो, थांबलो. काका वाकले, डावा डोळा मिटला.

सव्वीस.

"गाईलाच सवय लागली वाटतं पाणी घालायची!" रांगेतून कोणीतरी म्हणाले आणि एकच हशा पिकला. मावशीही हसल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. हसले नाहीत फक्त काका. आणि मित्रांनो, मी. माझ्या पोटातले छर्रे त्या दिवशी मला पहिल्यांदा जड वाटले.

शंकाबाई आत गेल्या आणि मखमलीच्या डबीतून एक नवाकोरा लॅक्टोमीटर घेऊन आल्या. तपासणीसाठी मागवलेला, ताज्या दाखल्याचा. त्यांनी तो त्याच दुधात सोडला. तो म्हणाला एकोणतीस.

"नवाच चुकत असेल," काका पुटपुटले. त्यांच्या आवाजात जीव नव्हता.

"मग वजन करू," शंकाबाई म्हणाल्या. त्यांनी एक लहान बाटली आधी रिकामी तोलली, मग काठोकाठ पाणी भरून तोलली, मग तीच बाटली कोरडी करून दुधाने भरली आणि तोलली. तिन्ही आकडे कागदावर मांडून कागद काकांपुढे धरला. नवा बरोबर होता. मग त्यांनी भिंग घेऊन माझी मान न्याहाळली. पट्टीच्या वर काचेला डिंकाचा पिवळा डाग होता, पट्टी आधी जिथे चिकटलेली होती तिथे.

"घसरलीये काका. बरोब्बर तीन डिग्री."

मला वाटले, आता आपण दगडावर आपटणार. काकांनी मला आपटले नाही. त्यांनी मला कोरडे पुसले, खिडकीत आडवे ठेवले आणि ओले फडके घेऊन ते फळ्याकडे गेले. मावशींचे नाव त्यांनी स्वतः पुसले. मग रांगेकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या बाईंच्या दुधात पाणी नव्हतं. चूक आमच्या यंत्रात होती. आणि ते यंत्र मी बारा वर्षांत एकदाही तपासलं नाही, ही चूक माझी. मावशी, मला माफ करा."

मावशींनी पदराने तोंड पुसले. "माझं जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "या तांबडीचं नाव खराब झालं होतं. तिची मागा."

काकांनी खरोखरच गाईसमोर हात जोडले. तांबडीच्या तोंडात तेव्हा मॅनेजरसाहेबांचे शेवटचे फूल होते.

तपासणीला आठच दिवस उरले होते. मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "काका, नोंदवहीत एवढं सगळं लिहायलाच हवं का? तपासनीस वाचतील. प्रमाणपत्र हातचं जाईल."

"जाऊ दे," काका म्हणाले. "आजवर आकडे लिहिले तसेच हेही लिहितो." आणि त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात पानभर लिहिले: यंत्र तीन डिग्री कमी दाखवत होते, कोणाचे दूध विनाकारण परत गेले, ते कसे उघडकीस आले आणि यापुढे दर वर्षी काय करायचे. मावशींच्या परत गेलेल्या दुधाची भरपाई द्यावी, हेही त्याच पानावर.

तपासनीस बाई आल्या तेव्हा त्यांनी ते पान दोनदा वाचले.  काका शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मी खूप प्रयोगशाळा पाहते," तपासनीस बाई म्हणाल्या. "बहुतेक ठिकाणी वह्या इतक्या स्वच्छ असतात, की मला काळजी वाटते. तुमच्या सुधारणा पूर्ण करून कळवा. मग बघू."

दीड महिन्याने प्रमाणपत्र आले. काकांनी ते भिंतीवर लावले, मागे सरकून पाहिले आणि पुन्हा जाऊन सरळ केले. भांडी धुणाऱ्या दादांनी बंबाशेजारी स्वतः पाटी लिहून टांगली: काचेला कोमट पाणी. जवळ उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाचूनही दाखवत.

माझ्या मानेला एक लाल चिठ्ठी लागली: वापरासाठी नाही. पहिले काही दिवस ती फार झोंबली. पण मला अडगळीत टाकले नाही. दर्शनी कपाटात ठेवले. शाळेची मुले प्रयोगशाळा पाहायला येतात, तेव्हा शंकाबाई मला आणि माझ्या बिनचूक धाकट्या भावाला एकाच दुधात सोडतात आणि विचारतात, "सांगा, खरं कोण बोलतंय?" पुष्कळ मुले माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणतात, हा म्हातारा आहे, हा कशाला खोटं बोलेल? मग शंकाबाई बाटली आणि तराजू काढतात.

परवा मावशी आपल्या नातीला घेऊन आल्या होत्या. "हाच तो, ज्यानं माझं नाव फळ्यावर लावलं," असे म्हणून त्यांनी मला दाखवले. मी लाजेने आक्रसलो. काच आक्रसत नाही, हे माझे नशीब. पण मावशी काकांना म्हणाल्या, "याला कधीतरी दुधात सोडता ना? मग आज माझ्या दुधात सोडा. बरं वाटेल त्याला." काकांनी मला अलगद सोडले. दूध तसेच होते, कोमट, साईच्या वासाचे. मी आपला प्रामाणिकपणे सव्वीस म्हणालो. सगळे पोट धरधरून हसले आणि मला ते हसणे जुन्या कौतुकाहून गोड लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी तराजू असेल, ताप पाहायची काच असेल, भिंतीवर घड्याळ असेल. त्यांना जपा. कोमट पाण्याने धुवा, आपटू नका. आणि वर्षातून एकदा कोणा जाणत्याकडून तपासून घ्या. आम्ही मुद्दाम खोटे बोलत नाही हो. पण आमची पट्टी घसरली, तर ते आम्हाला आतून दिसत नाही. बाहेरून कोणीतरी पाहावे लागते. तेवढे पाहा. म्हणजे कोणा मावशीला गाय घेऊन तुमच्या दारात उभे राहावे लागणार नाही.