तळघरातला सातवा खांब

मी एक जुना खांब आहे. देवळातला नक्षीदार खांब नव्हे, मित्रांनो. बाजारातल्या एका तीन मजली इमारतीच्या तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी मी उभा होतो. दारापासून मोजले तर सातवा. माझ्यावर दुकाने, त्यांवर कचेऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवण्याचा कारखाना.

मला घडवले एका तरुण मिस्त्रीने. काँक्रीट ओतल्यावर तो पंधरा दिवस मला ओली पोती गुंडाळत असे. "तान्ह्या बाळासारखं जपावं लागतं याला," असे म्हणाला की सोबतचे हसायचे. पुढे इमारतीच्या देखभालीलाही तोच राहिला. वीस वर्षे माझ्या अंगावर साधी चीर नव्हती.

मग वरच्या मोरीचा पाइप गळू लागला. मिस्त्रीने पाइप बदलायला सांगितले. इमारतीच्या मॅनेजरने खाली बादली ठेवायला लावली. बादलीत पडायचे ते पडे, उरलेले माझ्यात मुरे. लोखंड गंजले की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते. ते दुखणे कोणाला दिसत नाही. एके दिवशी माझा मोठा ढलपा सुटून पंपावर आदळला, तेव्हा ते दिसले.

मिस्त्रीने हट्ट धरून इंजिनिअरबाईंना आणले. त्यांनी मला ठिकठिकाणी ठोकून पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आजच टेकू लावा. वरचे कापडाचे गठ्ठे हलवा. नवे गज बांधून हा खांब जाड करावा लागेल, तोवर तिसरा मजला बंद."

त्या गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "टेकू बघून भाडेकरू पळतील. खांब काय पळून जातोय का? गिलावा करा, रंग मारा."

मला रंगवले. येणारे जाणारे म्हणू लागले, "काय छान ठेवलंय हो तळघर!" उभ्या जन्मात माझे कौतुक झाले ते तेवढेच, आणि तेही खोटे.

मिस्त्रीच्या जिवाला घोर लागला. गिलाव्यातून चीर पुन्हा वर आली, तेव्हा त्याने तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. खांब हलला तर काच तडकणार. त्याची मुलगी त्याच कारखान्यात मशीनवर बसायची. तिला तो म्हणाला, "पोरी, सोड ते काम."

"मी सोडीन, बाबा. पण बाकीच्या चाळीस जणींचं काय?"



एका दुपारी वर नवे गठ्ठे चढवले गेले आणि काच टक्कन तडकली. मिस्त्री पंपाला तेल देत होता. हातातले टाकून, दुखऱ्या गुडघ्यांनी तो जिने चढला. मॅनेजर आडवा आला. "अहो, उगाच बोभाटा करू नका. आधी पाणी प्या."

मिस्त्रीने त्याला बाजूला सारले आणि आगीची घंटा वाजवली. बायका धडाधड खाली उतरल्या. रस्त्यावर मुलीने डोकी मोजली. एक कमी.

"बाबा, इस्त्रीवाल्या मावशी! त्यांना ऐकू येत नाही!"

ती वळली, तसा त्याने तिचा दंड धरला. "तू इथंच थांबायचं." आणि तो आत गेला.

मी तोलून धरले, मित्रांनो. होते नव्हते ते सारे बळ लावले. मावशींना पुढे घालून तो शेवटच्या जिन्यावर आला. त्याने त्यांना दाराबाहेर ढकलले, आणि माझे गज वाकले. तिन्ही मजल्यांचा तो कोपरा खाली आला. ज्याने मला बाळासारखे जपले, तोच माझ्यामुळे ढिगाऱ्याखाली जिवाला मुकला.

त्यानंतर सारे झाले. उरलेल्या खांबांना टेकू लागले, पाइप बदलले, इंजिनिअरबाईंनी सांगितलेला शब्द न् शब्द पाळला गेला. माझा एक तुकडा त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजच्या आवारात नेऊन ठेवला. मुलगी एकदा तिथे आली होती. वर्तमानपत्राचे कात्रण तिच्या हातात होते. 'खांब अचानक कोसळला,' असे त्यात छापले होते.

"अचानक?" ती म्हणाली. "पाच वर्षं सांगत होते बाबा."

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. चीर, ओल, गंज, सुटलेला ढलपा, एवढीच आमची भाषा. ती दिसली की रंगाचा डबा आणू नका, जाणकाराला बोलवा. आणि तो सांगेल ते त्याच दिवशी करा. अचानक पडायला मला पाच वर्षे लागली.