छत्रीची मूठ कुणीकडे?

मित्रांनो, आधी माझ्यावरची धूळ पुसा, मग बोलू. मी येडगावच्या चांगदेवभाऊंच्या घरातला एक जुना आरसा आहे. त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, मला नारायणगावच्या बाजारातून आणलं, तेव्हा माझी मिजास काय विचारता! त्या माझ्यात बघून भांग पाडायच्या आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा संघर्ष अजून न फुटलेली मिशी पिळायचा.

पुढे मला शिकवणीचं काम लागलं. संघर्षची धाकटी बहीण प्रज्ञा पाचवीत होती. तिला निवासी शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची होती आणि ती परीक्षा एकदाच देता येते. नंबर लागला की बारावीपर्यंतची काळजी मिटली. संघर्षनं तिला शिकवायला घेतलं. तो कागदावर छत्री काढायचा आणि मला बाजूला उभं धरायचा. मूठ उजवीकडे असली, तर माझ्यात डावीकडे दिसायची. प्रज्ञा पटापट उत्तरं देऊ लागली आणि मी फुगलो.

पण पोरगी प्रत्येक प्रश्न बोट ठेवून वाचायची. संघर्ष खेकसायचा, "काय वाचत बसतीस गं? येळ जातो. चित्र बघ अन् मोकळी हो!" हळूहळू तिचं बोट उठलं. मला ते खटकलं होतं, पण आरशाचं ऐकतो कोण?

परीक्षा देऊन ती नाचतच घरी आली. "दादा, तसल्याच छत्र्या व्हत्या! समद्यांच्या मुठी फिरवल्या मी."

"प्रश्न काय व्हता?"

"पाण्यातली प्रतिमा का कायतरी. तूच म्हणला व्हतास ना, वाचू नको."

संघर्षचा चेहरा पांढराफटक पडला. पाण्यात मूठ बाजू बदलत नाही, अख्खी छत्रीच उलटी होते. अहो, गावचं धरण हाकेच्या अंतरावर, तिथं नेऊन दाखवलं असतं तरी कळलं असतं! आणि त्यानं मला बाजूला न धरता चित्राच्या खालच्या कडेला धरलं असतं, तर मीच पाणी झालो असतो.

निकालात प्रज्ञाचं नाव नव्हतं. संघर्षनं मला भिंतीकडे तोंड करून टांगलं. केशरबाई सरळ करायच्या, तो पुन्हा फिरवायचा. "ती न्हाई चुकली आई, मी चुकवली तिला," म्हणून एकदा ढसाढसा रडला. प्रज्ञानं त्याला कधी बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागायचं.

पुढच्या वर्षी शेजारची आरती परीक्षेचं विचारायला आली.

"मी न्हाई शिकवणार," संघर्ष म्हणाला.

प्रज्ञानं मला भिंतीवरून उतरवलं. "नको शिकवू. नुसता बस. ती वाचंल, आपण ऐकू."

आरती अडखळत, बोट ठेवून वाचू लागली. "पा... पाण्यातील..." तिथंच बराच वेळ थांबली. प्रज्ञानं मला चित्राच्या खाली धरलं होतं. माझ्यात छत्री उलटी दिसत होती आणि तिच्यामागे संघर्ष, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसलेला.

मित्रांनो, धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण शेजारी कुणी बोट ठेवून वाचत असेल, तर त्याला वाचू द्या.