टिपाचं झाड का रडलं

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता आणि झाडाखाली पाऊस पडत होता.

आमच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनाजवळ टिपा जातीचं एकच झाड आहे, भलंमोठं. त्या सप्टेंबरात अख्खं गाव त्याच्याखाली तोंड वर करून उभं असायचं. बायका चादरी पसरून थेंब झेलायच्या. म्हातारे टोपी काढून टक्कल भिजवून घ्यायचे. आणि मधोमध पांढऱ्या झग्यात, दोन्ही हात वर करून, गावात नवाच आलेला साधू, बंधू फुल्हेन्सियो.

"हे पाणी नाही, बाबांनो! शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोची आसवं आहेत ही! तुमच्या संत्र्यांची दैना बघवत नाही त्याला. इथली डहाळी न्या, आपल्या झाडाला बांधा. शाप उतरला नाही तर नाव बदलेन!"

नाव त्याने आधीच दोनदा बदललेलं होतं, हे पुढे कळलं.

दोन वर्षं पाऊस रुसला होता, संत्री सुकत होती, त्यामुळे लोकांना कुणाचा तरी शब्द हवाच होता. डहाळीच्या बदल्यात कोंबडी, चीजचा गोळा, नाहीतर मांदिओकाच्या कंदांची गोणी. शनिवारच्या बाजारात विकायला काही उरेना. सगळं झाडाखाली जायचं.

लिब्रादा गावातल्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर रोज सकाळी शेतीचा तास चालवायची. मी यंत्राची बटणं दाबायचो. पानावर डाग कशाचा, शेण कसं कुजवायचं, अंडी कुणाकडे आहेत, मांदिओका कुणाचा निघालाय, सगळं ती आमच्या गुआरानी बोलीत सांगायची. लोक खिशात किडकं पान घेऊन दारात यायचे. त्या महिन्यात कुणी फिरकलं नाही.

तरी ती रोज सांगत होती, "एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बांधू नका. फांदीवर जे राहतं तेही तिच्याबरोबर येतं."

तिच्या स्वतःच्या वडिलांनी, ज्यांना गाव मानाने कराई म्हणतं त्या एलिओदोरोंनी, बागेतल्या प्रत्येक संत्र्याला डहाळी बांधली. ती बाग लिब्रादाच्या आईने लावलेली. आई नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात वारली होती.

एका दुपारी लिब्रादा शिडी घेऊन स्टेशनावर आली. माझ्याकडे पातळ कापडाच्या दोन पिशव्या होत्या.

"बंधू, दोन फांद्यांना पिशव्या बांधू का?"

"बांध की! पिशव्याच काय, कोट घाल त्यांना!" तो म्हणाला. लोक हसले.

ती वर चढली. एका फांदीवरचे तपकिरी तुडतुडे तिने एकेक करून झाडून काढले आणि मग पिशवी बांधली. दुसरी फांदी होती तशी, किड्यांसकट पिशवीत घातली. खाली जपमाळ सुरू झाली. ती संपल्यावर तिने दोन्ही पिशव्या उतरवून लोकांच्या हातात दिल्या. किड्यांची पिशवी ओलीचिंब. दुसरी कोरडी ठाक.

"संताला कापड आवडलं नाही!" फुल्हेन्सियो ओरडला.

"झाड एकच, संत एकच, कापड एकाच गाठोड्यातलं," लिब्रादा म्हणाली. "फरक फक्त किड्यांचा. ते झाडाचा रस पितात आणि नको असलेलं पाणी मागच्या बाजूने सोडतात."

पुढे उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "म्हणजे मी माझ्या लेकराला ते पाजलं?" आणि तिने तोंडावर हात ठेवला. कुणी हसलं नाही.

बंधूने राहायला बांधलेल्या ताडपत्रीमागे आम्हाला रबरी नळी सापडली, थेट मुळाशी सोडलेली. मुळाला भरपूर पाणी, वरून कडक ऊन, की तुडतुड्यांची चंगळ; ऊन गेलं की थेंबही थांबायचे. ढग आला की "आज संताचा उपास" असं तो का म्हणायचा, तेही उलगडलं. संध्याकाळपर्यंत तो पसार झाला. कोंबड्याही गेल्या.

कराई एलिओदोरो घरी गेले आणि सगळ्या डहाळ्या सोडून काढल्या. त्या वाळल्या होत्या. त्यांच्यावर एकही किडा नव्हता. किडे संत्र्यांवर गेले होते.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. बागा हिरव्या व्हायला हव्या होत्या. पण पानांवर पिवळे डाग आले आणि फळं लिंबाएवढीच राहून दगडासारखी कडक झाली. शहरातून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी पानं तपासली. रोग आधीच कुठल्यातरी दोनचार झाडांत असणार, त्या म्हणाल्या. तुडतुड्यांनी तो या झाडाचा त्या झाडाला दिला. औषध नाही. तोडा आणि जाळा.

लिब्रादाने रेडिओवर तोडायच्या बागांची यादी वाचली, आणि पहिलं नाव आपल्या वडिलांच्या बागेचं वाचलं.

तोडणीच्या दिवशी मी तिथे होतो. म्हातारा लिब्रादाच्या आईने लावलेल्या शेवटच्या झाडाला पाठ टेकून बसला होता. कुऱ्हाड लिब्रादाच्या हातात.

"उठा ना बाबा."

"तुला ठाऊक होतं ना गं, फांद्यांचं?"

"किडे येतील एवढं ठाऊक होतं. रोज सकाळी सांगत होते बाबा. महिनाभर."

"रेडिओवर सांगत होतीस," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून मी रेडिओ लावतच नव्हतो. तिच्याशिवाय ऐकवत नाही. घरी का नाही आलीस, पोरी?"

लिब्रादाने कुऱ्हाड खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी मातीत बसली. बराच वेळ दोघंही रडत होती. मग त्यांनीच तिला हात देऊन उठवलं, आणि झाड पडलं.

आता ती रेडिओचा तास एक दिवसाआड करते. मधल्या दिवशी सायकलवरून घरोघर जाते, लोकांबरोबर तेरेरेचा थंडगार काढा पिते, पानं हातात घेऊन दाखवते. जिथे दार लावून घेतात तिथे पुन्हा जाते.

मला एवढंच सांगायचंय. चमत्कार दिसला की पहिल्यांदा त्याला पिशवी बांधून बघा. संत खरा असेल तर त्याचं काही बिघडणार नाही. आणि जे कळेल ते दुःखात बसलेल्या माणसाकडे स्वतः चालत जाऊन सांगा. फुल्हेन्सियो तर लोकांना गाठायला गाडीभाडं खर्चून आला होता. आम्हाला एलिओदोरोंचं घर पलीकडच्याच गल्लीत होतं.