अठ्ठेचाळीस फुटांची पायरी

गाळ्यात एकशे बारा गठ्ठे होते. चौऱ्याऐंशी लोखंडी मांडणीवर आणि अठ्ठावीस खाली, दोन लाकडी चौकटींवर. प्रत्येक गठ्ठ्यात पन्नास अंक. खिडकीशी चित्रं काढायचं टेबल, त्यावर शाईच्या चार बाटल्या आणि चित्रकार जोतीरामची दोन फुटी स्टीलची पट्टी. मागच्या भिंतीवर, छताच्या हातभर खाली, एकोणीस सालच्या पुराची तपकिरी रेघ.

प्रियदर्शनीने गठ्ठे दोनदा मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

"फोटो काढलेस का?" फोनवर वीरधवलने विचारलं.

"काढले."

"तारीख येते ना त्यात? आणि मांडणीचा वेगळा काढ. खालचे वेगळे."

"दादा, पुलापाशी पाणी अजून चव्वेचाळीस फुटांवर आहे."

"चढतंय ना? इकडं साताऱ्यात कालपासून उघडीप नाही. धरणातनं सोडलेलं पाणी रात्रीपर्यंत तुझ्याकडं पोचेल. उद्या पन्नास म्हणतायत. हे बघ प्रियू, तू पाणी ओतत नाहीयेस. तू फक्त काही करत नाहीयेस. संगणक तेवढा वर ने."

वीरधवल तिचा मावसभाऊ. 'ठिपका कॉमिक्स' दोघांनी मिळून काढलं, तेव्हा ती नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली होती आणि त्याच्या घरच्या उसाला बरा भाव होता. त्याने पैसा घातला आणि विक्री सांभाळली, बाकी सगळं तिने. पहिली दोन वर्षं शाळांनी अंक मागवले, यात्रांमधून पोरांनी उड्या टाकून नेले. मग कुपवाडच्या कारखान्यांत तीन पाळ्यांची एक पाळी झाली. विट्याचे माग थंडावले. शाळांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायला सुरुवात केली, आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्यांनी न विकलेले अंक दोरीसुद्धा न सोडता परत पाठवले. साठ रुपयांचं पुस्तक हा घराच्या खर्चातला पहिला कापायचा खर्च, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या आईनेही वर्तमानपत्र बंद केलं होतं.

बँकेने कर्ज देताना मालाचा विमा सक्तीने काढायला लावला होता. आग, चोरी, पूर. तेव्हा हप्ता भरताना ती चिडली होती. आता त्या कागदावर या अंकांची जी किंमत होती, ती बाजारात कुणीही द्यायला तयार नव्हतं.

गाळ्याची पायरी अठ्ठेचाळीस फुटांवर होती. म्हणजे आयर्विन पुलापाशी नदी अठ्ठेचाळीस फुटांवर गेली की पाणी या पायरीला लागायचं. गल्लीतल्या प्रत्येकाला आपापल्या उंबऱ्याचा आकडा पाठ होता. नव्या माणसाला लोक घर दाखवताना बेसिन, मोरी दाखवावी तसा तो आकडाही सांगायचे. प्रियदर्शनीने मात्र तो स्वतः तपासला होता. एकोणीस साली पुलावर सत्तावन्न फूट पाणी होतं, भिंतीवरची रेघ पायरीपासून बरोब्बर नऊ फूट वर होती. सत्तावन्नातून नऊ गेले.

ती संगणक आणि स्कॅनर वरच्या खोलीत ठेवून खाली आली, तर शेजारच्या शालूबाई फॉल-पिकोच्या मशीनचं डोकं छातीशी धरून जिन्याशी उभ्या होत्या.

"आवं ताई, सरका जरा. ह्यो पावणा यायचा म्हटलं की आधी मशीन माळ्यावर, मग नवरा."

"आणा, मी धरते."

"नगं. लय जड हाय. नवरा हलका हाय, त्यो धरा." त्या हसल्या आणि दम खात गाळ्यात डोकावल्या. "तुमची पुस्तकं अजून खालीच?"

"नेणार आहे."

"कवा? गल्लीच्या तोंडाला पाणी आलंय. माणसं बोलवू का? आमचा शंभूराज आन् त्येचे दोस्त हायती. तासात हुतंय."

"नको. येतायत आमचे लोक."

हे तिने इतक्या सहज म्हटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

आमचे लोक येणार नव्हते. पण साडेबाराच्या सुमाराला जोतीराम आला.

तो दहिवडीहून पहाटेच्या गाडीने निघाला होता, विट्याला गाडी बदलून सांगलीत उतरला आणि शेवटचा रस्ता पोटरीभर पाण्यातून चालत आला होता. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, चपला हातात, आणि डोक्यावर खताच्या पोत्यात बांधलेलं चौकोनी काहीतरी.

"ताई, तेरावा अंक," पोतं टेबलावर ठेवत तो म्हणाला. "चोवीस पानं. एक थेंब लागलेला न्हाई, बघा."

"जोतीराम, अशा पाण्यात कशाला आलात?"

"मंग कवा येऊ? बातम्यात बघितलं. म्हटलं, ताई एकटी काय काय उचलंल." तो दारातून गल्लीकडे बघत राहिला. कोपऱ्यावर पाणी चकचकत होतं, आवाज न करता, कुणीतरी चादर पसरावी तसं. "आमच्याकडं टँकरची वाट बघत्यात. हितं पाण्याला बघून पळत्यात. आन् मी गेल्या अंकात पूर काढला की वो! सगळा चुकला. मी लाटा काढल्या. ह्येला लाटाच न्हाईत."

जोतीराम माणमधल्या मेंढपाळाच्या घरातला. दहावीनंतर बोर्ड रंगवायचा. 'गोफणवाली अंजी' ही त्याचीच. मेंढरं राखता राखता गोफणीच्या एका धोंड्याने लांडग्याला, सावकाराच्या मोटारीला आणि एकदा चक्क ड्रोनला लोळवणारी पोर. अंजी म्हणजे त्याची आई, अंजनाबाई, लहानपणीची. नवा अंक छापून आला की जोतीराम त्याचा एक गठ्ठा आधी दहिवडीला न्यायचा. अंजनाबाई देवापुढचा भंडारा चिमटीने त्यावर टाकायच्या, मग त्याच भंडाऱ्याची पुडी बांधून तो सांगलीला आणायचा आणि उरलेल्या सगळ्या गठ्ठ्यांवर टाकायचा. प्रियदर्शनी पहिल्यांदा म्हणाली होती, पानांना डाग पडतील. तो म्हणाला होता, पडू द्या की. यात्रेत अंक उघडल्यावर पिवळी भुकटी मांडीवर सांडली की म्हाताऱ्या बायका आधी ती कपाळाला लावायच्या आणि मग नातवासाठी अंक घ्यायच्या. पुढे डाग नसलेले अंक कुणी घेईना.

जोतीरामने शर्टाच्या बाह्या वर केल्या, खालच्या चौकटीवरचे दोन गठ्ठे उचलले आणि जिन्याकडे वळला.

"राहू द्या," प्रियदर्शनी म्हणाली.

"का? वर जागा न्हाई?"

"आहे."

"मंग?"

तो गठ्ठे घेऊन वर गेला. त्याची पावलं वरच्या खोलीत थांबलेली तिला ऐकू आली. मग तो परत खाली आला. गठ्ठे त्याच्या हातातच होते.

"संगणक वर. खुर्ची वर. चहाची किटलीबी वर," तो म्हणाला. "आन् अंक खाली."

"विमा आहे, जोतीराम."

"कशाचा?"

"अंकांचा. पुराचा."

त्याने गठ्ठे सावकाश टेबलावर ठेवले. बोटांना लागलेला भंडारा पँटला पुसायला गेला आणि थांबला.

"म्हंजी भिजलं तर पैसं येत्यात."

"हो."

"आन् न्हाई भिजलं तर?"

"तर काहीच येत नाही. तुम्हाला माहितीये, कुठून किती परत आले ते. कोल्हापूरचा छापणारा आधीचं दिल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. हा तेरावा अंक छापायचा असेल तर दुसरा रस्ता नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय."

"इकलं न्हाई म्हणून बुडवायचं."

"बुडवत नाहीये. उचलत नाहीये फक्त."

वीरधवलचं वाक्य तिच्या तोंडून जसंच्या तसं आलं. जोतीराम तिच्याकडे पाहत राहिला. रागाने नव्हे. एखादं चित्र बरोबर बसत नसलं की तो असाच पाहायचा, मान किंचित कलती करून.

"ताई, दुष्काळात आमी मेंढरं इकतो. मातीमोल इकतो. खाटकालाबी देतो, खोटं कशाला बोलू. पन दाव्याला बांधून वढ्यात सोडून आलो आन् मग सरकारला सांगितलं वाहून गेली, आसं आमच्या म्हातारीनं कवा केलं न्हाई."

"मेंढरं आणि कागद एकच आहे का?"

"त्ये मला न्हाई कळत. शिकल्याल्या तुमी." तो खाली बसून पँटची घडी उलगडू लागला, मग बाहेर पाणी आहे हे आठवून पुन्हा गुंडाळली. "म्हातारीनं इचारलं तर काय सांगू? तिचं तोंड हाय वो त्या कव्हरावर."

"सांगा, पूर आला."

"अजून कुठं आलाय?"

दोघंही पायरीकडे पाहू लागले. पायरी कोरडी होती.

जोतीराम उठला. टेबलावरचं खताचं पोतं त्याने पुन्हा काखेत धरलं.

"ह्ये नेतो. हितं भिजंल."

"जोतीराम, तो अंक आपला आहे."

"व्हय. म्हणून तर."

तो पायरी उतरला तेव्हा तिला टेबलावरची पट्टी दिसली. याच पट्टीने त्याने बारा अंकांच्या चौकटी आखल्या होत्या. वर्षानुवर्षं बोटं फिरून तिच्या मधले आकडे पुसट झाले होते.

"तुमची पट्टी राहिली!"

"राहू द्या," मागे न वळता तो म्हणाला. "तुमाला मोजाय लागंल."

पोतं पुन्हा डोक्यावर गेलं. कोपऱ्यावर पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचलं आणि तो दिसेनासा झाला.

प्रियदर्शनीने शटर ओढलं आणि कुलूप लावलं.

रात्र तिने विश्रामबागला मैत्रिणीकडे काढली. फोनवर पाण्याचे आकडे येत होते. पंचेचाळीस. पंचेचाळीस फूट नऊ इंच. सकाळी सेहेचाळीस फूट चार इंच. प्रत्येक आकड्यावरून ती पुढचा काढत होती. वेग कमी होत होता, पण अठ्ठेचाळीस ओलांडायला पुरेसा होता. एकदा दीड तास आकडा बदलला नाही तेव्हा ती दर मिनिटाला फोन उघडून बघू लागली. मग तीन इंच वाढल्याचा संदेश आला आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मैत्रिणीच्या सासूने ऐकला.

"उतरलं का गं पाणी?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

गल्लीतल्या माणसांना ज्या शाळेत हलवलं होतं, तिथे ती दुपारी गेली. घरी बसवेना म्हणून मैत्रिणीकडच्या दोन चादरी आणि बिस्किटांचे पुडे घेतले. वर्गात बाकं एकावर एक रचून भिंतीला लावली होती. फरशीवर सतरंज्या, सतरंज्यांवर माणसं, खिडकीच्या गजांना ओले कपडे. शालूबाई फळ्याखाली पाय पसरून बसल्या होत्या.

"या ताई. तुमची पुस्तकं गेली का वर?"

"हो."

"आले व्हते का लोक?"

"एक जण आला होता."

"बरं झालं. कागुद लय वंगाळ. एकदा भिजला की संपला. साडी वाळती तरी." त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडून आधी शेजारच्या म्हातारीला दिला. "जरा मोबाईलवर बघा की. आमचा फोन बंद पडलाय. किती झालं?"

"सत्तेचाळीस फूट दोन इंच."

"आन् आपली पायरी अठ्ठेचाळीस." शालूबाईंनी हात जोडले. "थांब बाबा आता. गेल्या वेळचा गाळ काढता काढता ह्यांची कंबर गेली ती गेलीच. आता परत न्हाई हुयाचं आमच्यानं." मग त्यांनी प्रियदर्शनीचा हात धरला आणि आपल्या जोडलेल्या हातांना लावला. "तुमीबी म्हणा. शिकल्यालं माणूस म्हणालं तर ऐकंल."

वर्गातल्या दोघी-तिघी हसल्या. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. प्रियदर्शनीचे ओठ हलले. काय म्हटलं ते कुणाला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी आकडा सत्तेचाळीस फूट पाच इंचांवर गेला. रात्री तोच होता. सकाळीही तोच होता. मग वर घाटात पाऊस थांबल्याची बातमी आली, धरणातलं पाणी कमी केल्याची आली, आणि दुपारपासून नदी उतरू लागली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गल्लीत जाता आलं. घोट्याएवढा गाळ होता. शालूबाईंच्या दारात शंभूराज आणि त्याचे दोस्त मशीन खाली उतरवत होते. "हळू रं, नवऱ्यापरीस म्हाग हाय त्ये," आतून आवाज येत होता.

प्रियदर्शनीने कुलूप उघडलं. शटर वर गेलं. आतल्या फरशीवर धूळ होती आणि धुळीत जोतीरामच्या अनवाणी पावलांचे ठसे वाळले होते. टेबलाकडे येणारे, जिन्याकडे जाणारे, परत आलेले. टेबलावर त्याने ठेवलेले दोन गठ्ठे तसेच होते. तिने मोजले. एकशे बारा.

तिने जोतीरामला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात वीरधवलचा आला.

"बोल. किती भिजले?"

तिने टेबलावरची पट्टी उचलली. कडेला पिवळं काहीतरी लागलेलं होतं. ती बाहेर आली, गाळात उकिडवी बसली आणि पट्टी पायरीला उभी लावली.

"प्रियू? ऐकतेस ना? किती?"

चिखलाची रेघ पायरीच्या सात इंच खाली होती.