कालव्याकडच्या गोलातली वाळू

हॅरल्ड क्रॉशॉचं आणि गोलकीपर या जातीचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. रॅमसक्लफ टाउन क्लबचं मैदान तो चौतीस वर्षं राखत होता. त्याच्या मते देवाने गवत केलं ते छान केलं, त्यावर खेळाडू सोडले ही चूक केली, आणि गोलकीपर सोडला तो निव्वळ सूड म्हणून. बाकीचे दहाजण निदान इकडेतिकडे धावतात तरी. हा एकटा दीड तास एकाच जागी नाचून तेवढंच गवत मारतो. एप्रिलमध्ये सगळं मैदान हिरवंगार व्हायला लागे आणि दोन्ही गोलांसमोर मात्र डुकरं लोळून गेल्यासारखा चिखल.

त्यातून लेन हॅसलम म्हणजे या जातीचा मुकुटमणी. बाविसाव्या वर्षी तो क्लबात आला आणि सलग एकवीस हंगाम तिथेच, चौथ्या दर्जाच्या त्याच लीगमध्ये, त्याच दोन गोलांत उभा राहिला. प्रत्येक डाव सुरू व्हायच्या आधी तो गोलाच्या बरोबर मधोमध जाळ्याकडे तोंड करून उभा राही, टाच रोवी, आणि उलट्या पावलांनी मागे सरकत गोलासमोरच्या छोट्या चौकटीच्या टोकापर्यंत गवतात सरळ रेघ ओढी. गोल सोडून पुढे आलं की मागे नेमका मध्य कुठे हे समजावं म्हणून ही रेघ. नियमात ती बसत नाही. पण त्या काळचे सगळेच गोलकीपर ओढायचे आणि रेफ्री दुसरीकडे बघायचे.

दर सोमवारी हॅरल्ड चार दातांचा काटा, वाळूची बादली आणि बियांची पिशवी घेऊन गुडघ्यावर बसे.

"हॅसलम, हे गवत आहे! तुझ्या बापाची पाटी नाही, रेघोट्या मारायला!"

"रेघ नसेल तर चेंडू जाळ्यात जाईल, हॅरल्ड. मग जाळं शिवत बसशील."

"जाळं परवडलं. त्याला पाणी घालावं लागत नाही."

असं एकवीस वर्षं.

रॅमसक्लफचे प्रेक्षक लेनला 'खांब' म्हणत. कारण तो झेपावत नसे. दुसरे गोलकीपर हवेत आडवे होत, चेंडू बोटाच्या टोकाने बाहेर ढकलत, आणि लोक उठून टाळ्या वाजवत. लेन नुसता उभा असायचा आणि चेंडू येऊन त्याला आपटायचा. छातीला, मांडीला, कधी तोंडालाही. "आज आपल्या गोलाला तीन खांब आहेत," असं कुणीतरी मटण भरलेला मीट पाय चघळत म्हणे आणि सगळा स्टँड हसे. मोठ्या क्लबांची माणसं त्याला बघायला दोनतीनदा येऊन गेली. एकही झेप दिसली नाही, तेव्हा तीही मीट पाय खाऊन परत गेली.

हॅरल्डला सामना बघायची फारशी हौस नव्हती. त्याचा सामना सोमवारी सुरू व्हायचा, जमिनीवर. लेनच्या चौथ्या हंगामातला एक सोमवार त्याला अजून आठवत होता. आदल्या शनिवारी पाहुण्या संघाचा नावाजलेला गोलकीपर मैदानालगतच्या कालव्याकडच्या गोलात पहिला डाव खेळला होता आणि दुसरा डाव लेन. हॅरल्ड वाकून बघायला लागला. पाहुण्याच्या बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पसरले होते. लेनच्या खुणा मात्र सगळ्या एका ठिकाणी, स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढ्या तुकड्यात. आणि लेनला त्या एका डावात अकरा चेंडू आपटले होते.

हॅरल्ड तसाच बसून राहिला. अकरा चेंडू अकरा दिशांनी आले होते आणि या माणसाला टेबलाबाहेर जायची गरज पडली नव्हती. म्हणजे चेंडू मारणाऱ्याच्या पायातून सुटायच्या आत हा तिथे जाऊन उभा होता. हॅरल्डच्या अंगावर काटा आला. लोक याला खांब म्हणतात! त्याने टोपी काढली आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच घाईघाईने परत घातली.

घरी गेल्यावर त्याने बायकोला, एडनाला सांगितलं.

"मग त्याला सांग की," एडना म्हणाली.

"वेड लागलंय का? डोक्यावर मिऱ्या वाटेल माझ्या."

आणि त्याने ते खरंच कधी सांगितलं नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी लेन खेळायचा थांबला आणि क्लबाने त्याला गोलकीपरांचा प्रशिक्षक केलं. तीन हंगाम झाले त्याला. त्याच्या हाताखाली मार्लन प्राइस आला. बर्मिंगहॅमचा, तेवीस वर्षांचा, एका मोठ्या क्लबाने नको म्हणून सोडलेला. मार्लन मांजरासारखा उड्या मारायचा. पहिल्या वर्षी त्याने दोन्ही गोल खांबापासून खांबापर्यंत उकरून ठेवले आणि हॅरल्डच्या नाकी नऊ आणले. मग हळूहळू हॅरल्डला दिसायला लागलं की तुकडा आक्रसतोय. आधी पलंगाएवढा झाला, मग दाराएवढा. या हंगामात जवळजवळ टेबल. शिकवणं असंही असतं, हॅरल्डला वाटलं; माणूस गेला तरी त्याची जमिनीवरची खूण दुसऱ्याच्या बुटात शिरते. अर्थात रेघही शिरली होती. मार्लनही टाच रोवून गवत खरवडायचा आणि हॅरल्ड त्यालाही बापाच्या पाटीची आठवण करून द्यायचा.

मे महिन्यातला हंगामाचा शेवटचा शनिवार उजाडला तेव्हा क्लब लीगच्या तळाला लोंबकळत होता. समोर वेल्बरीचा संघ. बरोबरी झाली तरी पुरे होती. हरलं की लीगच्या बाहेर. अध्यक्षांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "बाहेर गेलो तर पूर्णवेळ माळी नाही आणि गोलकीपरांचा प्रशिक्षक नाही. पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन यंत्र फिरवून जाईल." पंधरा दिवसांनी यंत्र! हॅरल्डला रात्रभर झोप आली नाही. दुसरा गोलकीपर उसना होता, त्याच्या क्लबाने मार्चमध्येच परत नेला होता. म्हणून राखीव खेळाडूंच्या यादीत कागदापुरतं लेनचं नाव घातलं होतं. वय शेहेचाळीस.

रेफ्री नवा होता, तरुण, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला. दहाव्या मिनिटाला त्याला मार्लनची रेघ दिसली. त्याने खेळ थांबवला, रेघेकडे बोट दाखवलं आणि पिवळं कार्ड काढलं.

प्रेक्षकांना आधी हसू आलं, मग राग. हॅरल्डला मात्र उकळ्या फुटल्या. "चौतीस वर्षांत पहिला शहाणा रेफ्री!" असं तो शेजारच्या माणसाला म्हणालासुद्धा.

मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. काटा घेऊन मैदानात निघालेल्या हॅरल्डला खेळाडू आत-बाहेर जातात त्या बोगद्याच्या तोंडाशी लेन आणि मार्लनचं बोलणं ऐकू आलं.

"दुसऱ्या डावात रेघ ओढायची नाही," लेन सांगत होता. "आणखी एक पिवळं म्हणजे लाल."

"रेघेशिवाय? मला मध्य कसा कळणार, लेन? तुम्हीच तर शिकवलंत."

"कळेल. समोर बघ."

तेव्हा कुठे हॅरल्डच्या डोक्यात प्रकाश पडला: मार्लन गेला की क्लब गेला, आणि क्लबाबरोबर पूर्णवेळ माळीही.

दुसऱ्या डावात कालव्याकडच्या गोलात मार्लन सारखा मान वळवून खांबांकडे बघत होता. एकाहत्तराव्या मिनिटाला वेल्बरीचा लांब चेंडू आला. मार्लनने आणखी एकदा मागे बघितलं आणि तेवढ्यातच उशीर झाला. तो घसरत गेला आणि मोठ्या चौकटीच्या जरा बाहेर त्याने वेल्बरीच्या गड्याला आडवा केला. दुसरं पिवळं. लाल. आणि त्या जागेवरून वेल्बरीला फ्री किक.

लेन कोट काढत होता. एका बचावपटूला बाहेर बोलावून लेनला आत घेतलं. कुणीतरी सवयीने ओरडलं, "खांब आला रे!" पण कुणी हसलं नाही.

मार्लन रडत बाहेर निघाला होता. "चुकलं माझं, लेन."

"चूक रेघेची होती आणि रेघ माझी. जा, आंघोळ कर."

मार्लनच्या घसरण्याने हातभर गवत उचकटलं होतं. हॅरल्ड काटा आणि वाळूची बादली घेऊन आत गेला. "लवकर उरका," रेफ्री म्हणाला. हॅरल्डने गवत दाबून बसवलं आणि मान वर केली. लेन गोलरेषेवर मधोमध उभा होता. त्याची उजवी टाच आपोआप उचलली गेली, रोवायला खाली आली, आणि रेफ्रीची नजर दिसताच तशीच परत जागेवर गेली. लेनचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढ्या वर्षांत हॅरल्डने तो तसा कधी बघितला नव्हता.

हॅरल्ड उठला आणि बाहेर जायच्याऐवजी गोलाकडे चालत गेला. एकवीस वर्षं दर सोमवारी जिथे तो गुडघे टेकत आला होता ती जागा त्याला झोपेतही सापडली असती. छोट्या चौकटीच्या टोकाशी, जिथे रेघ संपायची तिथे, त्याने मूठभर वाळू टाकली आणि बुटाने दाबली.

"ते काय?" रेफ्रीने विचारलं.

"खड्डा."

"मला नाही दिसला."

"तुम्हाला कसा दिसेल? खड्डे बघायचा पगार मला मिळतो."

तिथे खड्डा नव्हता. गवताच्या बाबतीत हॅरल्ड आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता. लेनने वाळूकडे बघितलं, मग हॅरल्डकडे, आणि हातमोजे एकमेकांवर आपटले.

फ्री किक खेळाडूंच्या भिंतीवरून वळत आली. लेन डावीकडे एक पाऊल सरकला आणि चेंडू येऊन त्याच्या छातीला आपटला. एवढंच.

पुढची वीस मिनिटं हॅरल्ड कोपऱ्यातल्या झेंड्याशी उभा राहिला. आजवर त्याने लेनच्या पायांच्या खुणा वाचल्या होत्या; आज तो पहिल्यांदा पाय बघत होता. चेंडूकडे त्याने बघितलंच नाही. वेल्बरीचा गडी मान वर करायच्या आत ते पाय अर्ध्या पावलाने हललेले असायचे. थोडं पुढे. थोडं उजवीकडे. मग थांबायचे, आणि चेंडू शहाण्या कुत्र्यासारखा त्यांच्याकडे चालत यायचा. समोर उरलेल्या नऊ खेळाडूंची धाबी दणाणली होती, स्टँडमध्ये माणसं डोळे झाकून बसली होती, आणि शेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस टेबलाएवढ्या तुकड्यात अर्धी पावलं टाकत होता. शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर वेल्बरीच्या उंच गड्याने अगदी जवळून डोकं घातलं. गोल झालाच होता. अर्धं मैदान ओरडलंही. पण लेन तिथे होता. चेंडू त्याच्या मांडीला लागून बाहेर गेला. तो तिथे कधी आला हे हॅरल्डने डोळ्यांनी बघितलं होतं, तरी त्याचा विश्वास बसेना. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

शिट्टी वाजली. एक-एक. क्लब वाचला.

लोक मैदानात घुसले. एरवी हॅरल्डने आकाशपाताळ एक केलं असतं. आज त्याने फक्त कालव्याकडची चौकट अडवली. "या रेषेच्या आत पाय टाकलात तर काट्याने टोचेन!" कुणी टाकला नाही. सगळे पांगल्यावर तो गुडघ्यावर बसला.

मार्लनच्या खुणा दारभर पसरल्या होत्या आणि त्यांवर लेनच्या ताज्या खुणा दाट उठल्या होत्या. टेबलच. पण वाळू त्या टेबलाच्या मधोमध नव्हती. हॅरल्डने खिशातली टेप काढून दोन्ही खांबांपासून मोजलं. लेनचे पाय बरोबर मध्यावर होते. वाळू फूटभर डावीकडे.

मग त्याला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात खांबाखालचं काँक्रीट फुटलं म्हणून हा गोल चौकटीसकट फूटभर सरकवला होता. कुणी? खुद्द हॅरल्ड क्रॉशॉने. आणि आज हात मात्र जुन्याच जागेवर गेला होता. त्याला दरदरून घाम फुटला.

लेन खांद्यावर बर्फाची पिशवी आणि हातात चहाचा कागदी पेला घेऊन आला.

"वाळू चुकली होती," हॅरल्ड म्हणाला.

"फूटभर."

"तुला माहीत होतं?"

"टाकलीस तेव्हाच."

"म्हणजे तुला खुणेची गरज नव्हतीच!" हॅरल्ड काट्यासकट उठला. "मग एकवीस वर्षं माझं गवत कशाला खरवडलंस, नालायका?"

लेनने चहाचा एक घोट घेतला.

"पाय थरथरायचे," तो म्हणाला. "दर सामन्याला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. टाच रोवून मागे ओढली की थांबायचे. हे कुणाला सांगणार? म्हणून म्हणायचो, मध्य कळावा म्हणून ओढतो. मार्लनलाही तेच शिकवलं. आज त्यापायी त्याला बाहेर घालवला."

"आणि आज तुझे?"

"आज रेघ नाही. वाटलं, कोसळतोय मी इथेच. मग तू आलास बादली घेऊन." लेन हसायला लागला. "आणि गवताबद्दल खोटं बोललास. तू! रेफ्रीच्या तोंडावर! तेव्हा थांबले."

हा माणूस इथे एकवीस वर्षं भीत उभा होता. लोक हसत होते, मोठे क्लब पाठ फिरवत होते. आणि तो कोण आहे हे ज्या एकाला माहीत होतं त्याने ते पोटात ठेवलं होतं, उगीच, डोक्यावर मिऱ्या वाटेल म्हणून.

"बस खाली," तो म्हणाला.

"गुडघे गेलेत माझे."

"बस म्हणतो ना. इथे, माझ्याशेजारी. आणि हात लावू नकोस."

लेन कण्हत बसला. हॅरल्डने टोपी काढून बाजूला ठेवली, आणि खिळ्यांच्या खुणांच्या कडेकडेने बोट फिरवत, वीस वर्षं जे एकट्या एडनाला ठाऊक होतं ते सांगायला सुरुवात केली.